आठवड्याचं प्लास्टर, वर्षभराची सूज

“काय बघूलीस गं एवढं त्या आरशात?” माझ्या आक्काचं हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. भाची एका हातात छोटा आरसा धरून कपाटाच्या आरशासमोर उभी असायची. आपलं नाक बाजूने कसं दिसतं ते एका आरशात कळत नाही ना! तिच्या नाकाच्या मध्यावर उंचवटा होता, आमच्या आज्जीच्या नाकावर होता तसाच. आज्जीचं नाक करारी म्हणून गावभर कौतुक. भाचीला मात्र कॉलेजात कुणीतरी ‘पोपट’ म्हटलं आणि ते तिच्या मनात रुतून बसलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिने नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरापासून दवाखान्यापर्यंतच्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या मी तिच्याबरोबर केल्या. तेव्हापासून ओळखीतले लोक मला गाठून विचारतात. खानापूरच्या मैत्रिणीला मुलीसाठी हवं असतं, निपाणीच्या चुलतभावाला स्वतःसाठी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: “किती दिवसांत होतं?” उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. ऑपरेशन दोन-तीन तासांत होतं, नाकावरचं प्लास्टर साधारण आठवड्याने निघतं आणि नाक खरं कसं झालंय ते वर्षाने कळतं. हे शेवटचं वाक्य ज्याला पचलं, त्याने पुढचा विचार करावा.

एवढा वेळ का लागतो ते नाक आतून कसं आहे हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. एक बोट दोन्ही डोळ्यांच्या मधोमध ठेवा आणि नाकावरून सावकाश खाली आणा. आधी कडक लागतं, ते हाड. साधारण एक तृतीयांश अंतर उतरलं की कडकपणा संपतो आणि बोटाखाली थोडं हलतं. ती कूर्चा, म्हणजे कानाला हात लावल्यावर लागतं तसलं लवचिक हाड. शेंड्याशी आलात की दाबलं तर दबतं, सोडलं तर परत वर येतं. तिथे कूर्चेच्याच दोन पातळ कमानी आहेत. आणि आत, दोन नाकपुड्यांच्या मध्ये, उभा पडदा: पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा.

मांडव घालतो तशी ही रचना आहे. आत बांबू, वरून कापड. सर्जन काम करतो ते बांबूंवर. कापड तेच राहतं, ते नव्या सांगाड्यावर आपलं आपण बसावं लागतं, आणि बसायला ते वेळ घेतं. हे कापड प्रत्येकाचं वेगळं असतं. कातडी पातळ असेल तर शहापुरी साडीच्या पदरासारखी, खालची बारीकशी कडसुद्धा वरून दिसते. म्हणजे आकार रेखीव दिसतो, पण आतला जरासा उंचसखलपणाही लपत नाही. कातडी जाड आणि तेलकट असेल तर घोंगडी पांघरल्यासारखं होतं. आतला सांगाडा कितीही सुबक घडवा, वरून धार दिसत नाही. आपल्याकडे पुष्कळांची शेंड्याकडची कातडी जाडच असते. म्हणून कुणा नटीचा फोटो घेऊन “हे नाक द्या” म्हणण्यात अर्थ नाही. ते नाक तिच्या कातडीवर बेतलेलं आहे. भाचीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून पाहिला आणि सांगितलं, “वरचा उंचवटा नक्की जाईल. शेंडा मात्र चाफेकळीसारखा होणार नाही, थोडा नीटस होईल एवढंच.” मला तो माणूस तिथेच आवडला.

उंचवटा काढायचा म्हणजे तिथलं हाड आणि कूर्चा कानसेने किंवा छिन्नीने उतरवायची. पण तेवढ्यावर भागत नाही. माथा उतरवला की नाक वरून सपाट आणि उघडं पडतं, घराचा आढा काढून टाकावा तसं. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची हाडंही बुडाशी कापून आत सरकवावी लागतात. ऑपरेशननंतर डोळ्यांभोवती काळंनिळं होतं ते मुख्यतः या कापण्यामुळे.

बसक्या नाकाचं गणित उलटं. तिथे भर घालावी लागते. ती भर शक्यतो स्वतःच्याच शरीरातून घेतात: मधल्या पडद्याची कूर्चा, कानाची, फारच लागली तर बरगडीची. सिलिकॉनची तयार पट्टीही मिळते आणि काम सोपं होतं. पण ती परकी वस्तू आहे. तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती सरकू शकते, आणि कधीकधी वर्षांनंतरही कातडी पातळ करून बाहेर डोकावते. नाकपुड्या रुंद असतील तर त्यांच्या बुडाशी, गालाला मिळतात त्या घडीत, छोटा तुकडा काढतात. व्रण घडीत लपतो.

हे सगळं करायला आत जायच्या वाटा दोन. एक बंद पद्धत, सगळे छेद नाकपुड्यांच्या आत. दुसरी उघडी, नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर एक बारीक छेद देऊन कातडी वर उचलायची, म्हणजे सगळा सांगाडा डोळ्यांसमोर येतो. तो छेद पुढे बहुधा पुसट होतो, शोधून काढावा लागतो. “उघडी म्हणजे मोठं ऑपरेशन का?” असं आक्काने घाबरून विचारलं होतं. तसं नाही. अवघड शेंडा असेल किंवा पूर्वी ऑपरेशन झालेलं असेल तर सर्जनला नीट दिसणं रुग्णाच्याच फायद्याचं असतं.

लोक ज्याचा विचार सगळ्यात कमी करतात ती गोष्ट म्हणजे श्वास. नाकाच्या मधल्या भागात आतून हवेची वाट फार अरुंद असते, मुख्य अडसर तिथेच. नाक बारीक करायच्या नादात तिथली कूर्चा जास्त काढली तर बाजू आत ओढल्या जातात आणि माणूस रात्री तोंडाने श्वास घ्यायला लागतो. दिसायला सुंदर आणि आतून बंद, असं नाक काय कामाचं? म्हणून आजचे चांगले सर्जन कमी काढतात आणि जास्त आधार देतात. तुमच्या डॉक्टरांनी नाकात दिवा लावून आत पाहिलं नाही, “श्वास कसा आहे?” विचारलं नाही, तर तिथून उठून यायला हरकत नाही.

## “नाकाचं हाड वाढलंय” हे वेगळं प्रकरण

आपल्याकडे कुणाचं नाक चोंदलं की “हाड वाढलंय” म्हणतात. बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं, मधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो. तो सरळ करण्याचं ऑपरेशन हे उपचाराचं, बाहेरचा आकार बदलण्याचं हे सौंदर्याचं. दोन्ही एकाच वेळी करता येतात आणि पुष्कळदा करतातही, कारण पडद्यातून काढलेली कूर्चाच बाहेरच्या कामाला येते. पैशाच्या बाबतीत मात्र दोहोंचे रस्ते वेगळे. श्वासाच्या त्रासासाठी पडदा सरळ केला तर आरोग्य विमा अटींप्रमाणे खर्च देऊ शकतो. निव्वळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते आणि त्यावर जीएसटीही लागतो. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा एका काकूंनी मला आशेने विचारलं होतं. नाही, सौंदर्याचं ऑपरेशन त्यात बसत नाही, कर्नाटकच्या योजनांतही नाही.

कबड्डीत, कुस्तीत, नाहीतर गाडीवरून पडून नाकाला मार बसला तर काय? नाक वाकडं झालं असेल तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांच्या आत दाखवलं म्हणजे हाडं जागेवर बसवता येतात. नंतर ती तशीच जुळतात आणि मग पुन्हा कापावी लागतात. आणि मारानंतर दोन्ही नाकपुड्या आतून फुगून बंद झाल्या, दुखणं वाढत चाललं, तर सकाळची वाट पाहू नका. पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर आतली कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचतं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं असं झालंय. आईने हळद लावून झोपवलं होतं, तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

## देवाने दिलेलं नाक

आक्काच्या यजमानांचा विरोध वेगळाच होता. “देवाने दिलेल्या नाकाला हात कशाला लावायचा? हे असलं परदेशी खूळ आपल्यात नको.” त्यांचं पहिलं वाक्य मी खोडणार नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. दुसरं वाक्य मात्र अगदी चुकीचं आहे. नाक नव्याने घडवायची विद्या इथूनच बाहेर गेली.

सुश्रुतसंहितेत कातडी वळवून नाक जोडायची रीत सांगितलेली आहे. आणि आपल्या मुलखाच्या जवळची गोष्ट १७९२ च्या टिपूवरच्या युद्धातली. कावसजी नावाचा शेतकरी समाजातला मराठी माणूस इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. बारा महिन्यांहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक लावलं. नाकाच्या मापाचा मेणाचा साचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने कपाळाची कातडी सोलायची, पण भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी खाली फिरवून नाकाच्या जागी बसवायची आणि वर काताचा लेप लावलेलं फडकं. ती जोडलेली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं, आणि त्यावरून धडा घेऊन जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. कर्करोगात किंवा अपघातात नाक गेलेल्यांसाठी कपाळाच्या कातडीची ही रीत आजही वापरतात. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं सांगितल्यावर भाओजी एवढंच म्हणाले, “त्याचं नाक गेलं होतं. हिचं आहे की.” मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

## कशासाठी, आणि कुणासाठी

मला नाकाचं नेमकं काय खटकतं? हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. “मधला उंचवटा काढायचा आहे” हे सांगणं झालं. “नाकच वाईट आहे, सगळं बदला” यावर कुठलाही सर्जन काम करू शकत नाही. आणि ते वाक्य स्वतःचं असायला हवं. भाचीला दाखवण्याच्या एका कार्यक्रमात मुलाची आत्या सगळ्यांसमोर तिच्या नाकाबद्दल बोलली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणायची आपली भाषा, नाकावरून मुलींना बोलण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या काही वाटून घेतलेलं नाही. त्या संतापाच्या भरात ती ऑपरेशनला निघाली होती. मी तिला म्हटलं, सहा महिने थांब. त्या स्थळाचा विषय कधीच संपलेला असेल, तेव्हाही हवंसं वाटलं तर तुझ्यासाठी कर. सहा महिन्यांनीही तिला हवंच होतं. मग मी तिच्या बाजूने उभी राहिले.

काहींच्या बाबतीत मात्र दुखणं नाकात नसतं. दिवसातले तासन्‌तास आरसा, लोकांत जाणं बंद, इतरांना दिसतही नाही असा दोष स्वतःला राक्षसी वाटणं, हा मनाचा एक ओळखीचा आजार आहे आणि त्यावर मानसोपचाराने गुण येतो. ऑपरेशनने येत नाही. एक झालं की असा माणूस दुसरं मागतो. प्रामाणिक सर्जन अशा वेळी नकार देतात. तो नकार म्हणजे अपमान नव्हे.

दुसरी फसवणूक मोबाईल करतो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत जे कॅमेऱ्याच्या जवळ ते मोठं दिसतं, आणि चेहऱ्यावर सगळ्यात पुढे नाकच. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडून दाखवलं: बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. तेव्हा निर्णय घ्यायच्या आधी कुणाला तरी पाच फूट लांब उभं करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, भिंतीच्या कडेला फोटो काढून घ्या. एखाद्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

वयाचंही बघा. चेहऱ्याची वाढ पूर्ण व्हायला हवी, मुलींची साधारण पंधरा-सोळापर्यंत, मुलांची त्यापुढे वर्ष-दोन वर्षं. आणि लग्न ठरलेलं असेल तर फेब्रुवारीत ऑपरेशन करून मेमध्ये बोहल्यावर उभं राहायचं असलं वेळापत्रक आखू नका. शेंड्याची सूज तेव्हा उतरलेलीच नसते.

## डॉक्टर, कागद आणि भाषा

आम्ही आधी एका ठिकाणी गेलो होतो, नाव सांगत नाही. दहा मिनिटांत मोबाईलवर भाचीचा फोटो कोरून “असं होईल” म्हणून दाखवला आणि सणाची सवलत आठवड्याभरात संपतेय म्हणून आगाऊ पैसे मागितले. ऑपरेशन कोण करणार, हे विचारल्यावर “बाहेरून सर येतात”. कुठले, काय शिकलेले, उत्तर नाही. संगणकावरचं चित्र वाईट नसतं, डॉक्टर आणि आपण एकच गोष्ट बोलतोय का हे त्यातून कळतं. पण ते चित्र आहे, वचन नव्हे.

बघायचं ते असं. प्लास्टिक सर्जन असेल तर एमएस नंतर एमसीएच किंवा डीएनबी ही प्लास्टिक सर्जरीतली पदवी. कान-नाक-घशाचे सर्जनही हे काम करतात, त्यांना विचारा की नुसता पडदा नव्हे, बाहेरच्या नाकाची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का. नोंदणी क्रमांक राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या यादीत तपासता येतो. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं. भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, हेही विचारा. विचारल्यावर चिडणारा डॉक्टर आपला नव्हे.

बेळगावकरांसमोर नेहमीचा प्रश्न: इथेच करायचं, की कोल्हापूर, हुबळी, पुणे, बेंगळूर? माझं मत स्पष्ट आहे. ऑपरेशनच्या दिवशी पाचशे किलोमीटर सहज जाता येतं. पण टाके काढायला, प्लास्टर काढायला, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत जायचं असतं. आणि चौथ्या रात्री नाकातून रक्त यायला लागलं तर बेंगळूरची रेल्वे कामाची नाही. सर्जन जिथला असेल तिथे वर्षभर जाता येईल का, हे आधी बघा.

मग संमतीपत्र. आमच्या हातात आलं ते इंग्रजीत, मागच्या बाजूला कानडी. भाओजी बाजारात कानडी फर्डं बोलतात, पण वाचायचं म्हटलं की अडतात. ते सही करायला निघालेच होते. मी म्हटलं, थांबा. तिथल्या गोकाकच्या सिस्टर बसल्या आणि ओळ न्‌ ओळ मराठी-कानडी मिसळून सांगितली. डॉक्टरांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर नाकाचं चित्र काढून कुठे कापणार, कुठून कूर्चा घेणार ते दाखवलं. त्यात एक ओळ होती, गरज पडल्यास कानाची कूर्चा घेतली जाईल. ती आम्हाला कळलीच नसती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय की एका शस्त्रक्रियेची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि धोके व पर्याय रुग्णाला पुरेसे समजावलेच पाहिजेत. आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागायला लाजू नका. यात कानडी-मराठीचा वाद नाही, आपल्या नाकाचा प्रश्न आहे.

पैशाचं एकच सांगते: आकडा लेखी घ्या आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं, नंतरच्या भेटी धरल्यात का ते बघा. आणि पुन्हा दुरुस्ती लागली तर त्याचा खर्च कुणाचा? हा प्रश्न अवघड वाटतो, पण शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना दुसऱ्या ऑपरेशनची गरज पडते असं जगभरचे सर्जन सांगतात. आणि दुसऱ्या खेपेला काम जास्त कठीण असतं, कारण आत व्रण झालेले असतात आणि कूर्चा संपत आलेली असते.

## ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

तंबाखू. आपल्या भागात हे मोठ्याने सांगायलाच हवं. सिगारेट तर बंदच, निदान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही. पण निपाणीकडे पुष्कळ बायका रोज सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी “तंबाखू खाता का?” विचारलं की “नाही” म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि उचललेल्या कातडीला रक्त कमी पडतं. जखम भरत नाही, कधी कातडी काळी पडते. डॉक्टरांपासून लपवू नका. तसंच ॲस्पिरिन, दुखण्यावरच्या काही गोळ्या, ई जीवनसत्त्व, काढे आणि चूर्णं, काय काय घेता ते सगळं सांगा. यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. चमकी, नथ आदल्या दिवशीच काढून ठेवायची.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊनच होतं. भाची बाहेर आली तेव्हा नाकावर प्लास्टर, खाली कापसाची मिशी, डोळे सुजून बारीक झालेले. आक्का भिंतीला टेकून खालीच बसली. पण दुखणं विचाराल तर ते ‘दुखणं’ कमी आणि ‘चोंदणं’ जास्त. जबर सर्दी झाल्यासारखं. तोंडाने श्वास, घसा कोरडा, झोप तुटक. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, तेव्हा घाबरायचं नाही. वरचा ओठ ताठ होता, भाकरी तोडून खाताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग आठवडाभर मऊ भात आणि ताक. डोळ्यांभोवतीचं निळं आठव्या दिवसापर्यंत पिवळं झालं आणि दोन आठवड्यांत गेलं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. बेळगावच्या थंडीत सकाळी शिंका कुणाला चुकल्यात? आम्ही खिडकी बंद ठेवून मिठाच्या पाण्याचे थेंब वेळेवर घालत राहिलो.

सातव्या दिवशी प्लास्टर निघालं. तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी चिकटपट्टीच्या कडेला तेलाचं बोट फिरवून ती इंच-इंच सोडवली. खालून पांढुरकी, तेलकट, सुजलेली कातडी दिसली. आरसा हातात दिला. उंचवटा गेला होता, पण नाक रुंद, शेंडा फुगलेला आणि डुकरासारखा वर. भाची रडायला लागली. “मावशी, हे कायऽऽ झालं?” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हे तुझं नाक नाही, ही सूज आहे. आज आरसा ठेवून दे.” हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ती तीन दिवस अंथरुणात तोंड लपवून राहिली नसती. म्हणून मी सांगते: प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा दिसतं ते नाक मानू नका. बरीचशी सूज दीड-दोन महिन्यांत उतरते. शेंड्याची सगळ्यात शेवटी, वर्षभरात, जाड कातडीला त्याहूनही उशिरा. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, असं होत राहतं. शेंडा बधिर असतो. काही महिन्यांनी संवेदना परत येते.

चष्मेवाल्यांची पंचाईत असते. हाडं जुळेपर्यंत चार ते सहा आठवडे चष्म्याचं ओझं नाकावर चालत नाही. भाओजींनीच, ज्यांचा विरोध होता त्यांनी, चष्म्याच्या मधल्या दांडीला चिकटपट्टी लावून तो तिच्या कपाळाला अडकवून दिला. तशीच ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची. गाडीवर तोंड झाकणारं हेल्मेट घालता-काढताना नाकाला लागतं, म्हणून महिनाभर दुचाकी बंद. व्यायाम, दोरीच्या उड्या, लहान पोराला छातीशी घेणं, हे सगळं तीन-चार आठवडे जपून. उन्हात टोपी. चमकी परत कधी घालायची ते डॉक्टरांना विचारूनच, काही महिने तरी नाही.

रक्त थांबत नसेल, ताप आला, नाक एकाएकी जास्त सुजून लाल आणि गरम झालं, दोन्ही बाजू घट्ट बंद होऊन दुखायला लागलं, तर रात्र असली तरी फोन करायचा. बाकी बारीकसा उंचसखलपणा, थोडं वाकडेपण, हे बोटाने दाबून पाहू नका. दुरुस्ती लागणारच असेल तरी ती वर्षाच्या आत सहसा करत नाहीत.

जाता जाता इंजेक्शनबद्दल, कारण खडेबाजारात खरेदीला गेलेल्या पोरी आता हेही विचारून येतात. ‘बिनऑपरेशनचं नाक’ म्हणजे फिलर, एक जेल टोचून खळगे भरतात आणि उंचवटा लपवतात. वर्षभराच्या आसपास टिकतं. नाक त्याने लहान होत नाही, भरच पडते. आणि तो धोक्यापासून दूरचा उपायही नाही. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, आणि क्वचित डोळ्याची दृष्टी कायमची जाते. पार्लरमध्ये हे कधीही, कुणाकडूनही करून घेऊ नका. टोचणाऱ्या डॉक्टरकडे ते जेल विरघळवायचं औषध तिथेच, हाताशी आहे का, ते विचारा.

भाचीचा दर महिन्याला एक फोटो काढायचा आम्ही नेम ठेवलाय. मागच्या दारची तीच पांढरी भिंत, सकाळी दहाची तीच वेळ, पाच फुटांवर फरशीला खडूने केलेली खूण. परवा अकरावा फोटो काढला. आठव्या आणि अकराव्यात शेंड्याला फरक आहे. मला दिसतो, आक्काला दिसत नाही. आज्जीचा उंचवटा गेला, पण हसताना नाक तसंच किंचित उजवीकडे वळतं. ते कुणी बदला म्हटलेलं नव्हतं आणि डॉक्टरांनीही हात लावला नाही. बाराव्या महिन्याच्या तपासणीची वेळ पुढच्या मंगळवारी मिळालीय, तेव्हाच चमकीचंही विचारायचं आहे.